वार्धक्य, भय आणि वैराग्य

उतारवयात मनुष्य हळूहळू देवळाची वाट सोडतो, जिना टाळतो, आणि अखेरीस खिडकीशेजारची एक खुर्ची एवढाच त्याचा मुलूख उरतो, तेव्हा त्याला आता विरक्ती आली असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. हे अनुमान घरच्या मंडळींच्या सोयीचे असते. परंतु त्याची रुजवात घालून पाहिली, तर पुष्कळदा त्या विरक्तीच्या मुळाशी न्हाणीघरातील ओल्या फरशीची धास्ती सापडते. वस्तू हाती असताना तिच्यावरील हक्क स्वखुशीने सोडणे हे वैराग्याचे लक्षण होय. पडण्याच्या भीतीने ज्याने चालणे सोडले, त्याने त्याग केलेला नसतो, त्याच्याकडून तो वसूल झालेला असतो. सुरकुत्या, पांढरे केस आणि नातवंडाचे मुख दिसल्यावर वानप्रस्थ घ्यावा असे मनुस्मृती सांगते खरे; पण तो वानप्रस्थ आपल्या पायांनी अरण्याकडे जाणाऱ्याचा आहे.

ही धास्ती निराधार आहे, असे मात्र कोणी समजू नये. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की कित्येकांचे हिंडणेफिरणे कायमचे संपते. तथापि भयावरचा उपाय म्हणून जे बसून राहणे पत्करले जाते, त्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, पावले आखूड पडू लागतात, तोल सावरण्याची सवय मोडते, आणि जे टाळावयाचे तेच अधिक जवळ येते. जे आजवर एकदाही पडले नाहीत, अशांनाही हे भय ग्रासते. मेरी टिनेटी या अमेरिकन डॉक्टरने १९९० साली सहकाऱ्यांसह त्याचे मोजमाप सिद्ध केले, ते भीती किती वाटते हे न विचारता. स्नान करणे, कपडे घालणे, दार उघडावयास जाणे अशी दहा नित्यकर्मे न पडता करता येतील याचा भरवसा कितपत आहे, एवढेच त्यात विचारले होते.

हा भरवसा ढळतो कशाने? भय दुसऱ्यापासून उत्पन्न होते, असा बृहदारण्यकोपनिषदाचा सिद्धांत आहे. वृद्धाच्या बाबतीत हा दुसरा म्हणजे केवळ फरशी नव्हे. उद्या आपल्याला न्हाऊ घालणारा, आपल्या किल्ल्या सांभाळणारा, आपण कोठे बसावे हे ठरविणारा तो दुसरा. हाड मोडण्याहून आपला ताबा जाण्याचे दुःख त्याला अधिक जाचते. इकडे घरातली माणसेही भ्यालेली असतात. ‘बाबा, तुम्ही उठू नका, मी आणून देते’ या वाक्यात माया असते, पण तेच वाक्य दिवसातून दहा वेळा उच्चारले गेले की मायेचा हुकूम होतो, आणि हुकमाची नजरकैद.

मग स्वातंत्र्य म्हणजे कोणाचाही आधार न घेणे काय? ऐंशीव्या वर्षी, वैशालीजवळच्या बेलुव गावी दुखण्यातून उठलेल्या बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला सांगितले की, हा देह बंध बांधून कसाबसा चालविलेल्या जुन्या गाड्यासारखा झाला आहे. आणि त्याच उपदेशात, स्वतःला व धर्मालाच शरण जा, अशी आज्ञाही केली. शरीराचे बंध आणि चित्ताची स्वाधीनता यांत त्यांना विरोध दिसला नाही. अभय हे ज्यांच्या एकादश व्रतांपैकी एक, ते गांधीजी १९४७ साली, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी, नोआखलीत काठी घेऊन अनवाणी हिंडले; तिकडचे बांबूचे अरुंद साकव ओलांडता यावेत म्हणून त्यांनी आधी सराव केला. दिल्लीतील अखेरच्या दिवसांत मनू आणि आभा या आप्त तरुणींच्या खांद्यांवर हात ठेवून ते प्रार्थनेला जात. परंतु जावयाचे कोठे आणि कधी, हे ठरविणारे तेच असत.

न्हाणीघरातला लोखंडी दांडा, हातातली काठी, रात्री उशाशी जळणारा दिवा यांची लाज वृद्धाने बाळगू नये. आणि हात धरण्यापूर्वी त्याची अनुमती घेण्याचा संकोच घरच्यांनी करू नये. त्याच्या आयुष्यातील काही धोक्यांवर त्याची स्वतःची मालकी आहे, ती कितीही प्रेमाने काढून घेतली तरी ती जप्तीच होय. ही मालकी मान्य केल्यावरही तो एखादे दिवशी पडेल कदाचित. पण तो स्वतःच्या इच्छेने निघालेल्या वाटेवर पडला, एवढे तरी त्याच्या खात्यावर जमा राहील.