उगाळणे आणि आठवणे

कटू विचारांत गुंतून राहण्याला इंग्रजीत 'ड्वेल ऑन' म्हणतात. 'ड्वेल' म्हणजे वास्तव्य करणे. परंतु प्राचीन इंग्रजीत त्याच क्रियापदाचा अर्थ वाट चुकवणे असा होता. आपण मराठीत 'उगाळत बसणे' म्हणतो. चंदन उगाळले की सुगंध दरवळतो. अपमान उगाळला की मनच झिजते.

मग आपले गतदोष आपण विसरावेत काय? १५२२ साली मान्रेसा येथे संत इग्नेशियस लोयोला निवेदन केलेलीच पापे पुनःपुन्हा आठवून जिवाला कंटाळले होते. गतपापांचे पुन्हा निवेदन करायचे नाही, असा निश्चय केल्यावरच त्यांची सुटका झाली.

क्षमा मागण्यास वा करण्यास आपल्याला उठवते, तोवर आठवण पाहुणी असते. तीच घरात बिऱ्हाड थाटू लागली, तर तिला आपण नम्रपणे निरोप द्यावा.