चालकाविना ट्रॅक्टर आणि कर्तेपण

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. आपण एकटेच कर्ते आहोत असे समजणाऱ्याची समजूत अपुरी, हाही तिथला निर्वाळा. उपग्रहांच्या आधाराने चालकाविना ट्रॅक्टर पेरणी करतो, तेव्हा पेरणारा कोण, हे ठरवायला ही पंचकारणे आजही उपयोगी पडतात.

साध्या जीपीएसला आपली जागा काही मीटरच्या फरकाने कळते. तेवढ्यावर पेरणी होत नाही. म्हणून ‘आरटीके’ पद्धतीत शेताच्या परिसरात, आधी काटेकोर मोजून घेतलेल्या जागी, एक स्थिर केंद्र उभारतात. त्याच्या नोंदींवरून उपग्रहांच्या संदेशातली चूक ट्रॅक्टरला क्षणोक्षणी दुरुस्त करता येते आणि फरक दोन-तीन सेंटिमीटरवर येतो. मग पेरलेल्या दोन ओळींमधून कोळपेही यंत्रानेच नेता येते.

केंद्रावरचे आणि ट्रॅक्टरवरचे आकाश जवळपास सारखे आहे, हे यातले गृहीत. 10 मे 2024 रोजी सौर वादळाने आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) ढवळले आणि हे गृहीतच कोसळले. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात ऐन मक्याच्या पेरणीत यंत्रे भरकटली. काहींनी काम थांबवले. ज्यांनी ते रेटले, त्यांच्यापुढे यंत्राच्या नकाशातल्या ओळी आणि जमिनीतल्या ओळी न जुळण्याचा धोका उभा राहिला. पाचवे कारण इतके उघड क्वचितच दिसते.

तरी दैवावर बोट ठेवून माणसाचा वाटा पुसता येत नाही. ट्रॅक्टर आणि त्याची आज्ञावली ही करणे. त्यांना इच्छा नाही, म्हणून पाप-पुण्यही नाही. प्रश्न दुरून हुकूम देणाऱ्याचा आहे. 2022 मध्ये युक्रेनमधल्या मेलितोपोल शहरातून रशियन सैनिकांनी पळवलेली शेतीयंत्रे चेचन्यात पोहोचल्यावर दुरूनच बंद केल्याची बातमी जगभर गाजली. चोराविरुद्ध हे न्याय्यच. पण तशीच किल्ली पैसे मोजून यंत्र घेतलेल्या शेतकऱ्यावरही चालू शकते आणि तेव्हा ती फिरवणारा नुसता सेवा देणारा राहत नाही, तोही कर्ता ठरतो. यंत्र थांबवण्याचा अधिकार एकाने ठेवायचा आणि हुकलेल्या पेरणीचा तोटा दुसऱ्याने सोसायचा, ही वाटणी अधर्माची आहे.