कांचेवर आपटणारीं पाखरें आणि घरधन्याचा दोष

आपल्या खिडकीवर पाखरूं आपटून मेलें, तर त्याचा दोष घरधन्याकडे जातो काय? प्रश्न क्षुल्लक दिसतो, व कित्येक हंसतीलही. परंतु त्याच्या पोटांत दुसरा मोठा प्रश्न आहे, तो हा कीं, जें नुकसान करण्याचा आपला हेतु नव्हता त्याचा जाब आपण कोठवर द्यावा?

आमच्या जुन्या घरांच्या खिडक्यांस लांकडी गज व झडपा असत. त्यांत पाखरांस फसविण्याजोगें कांहीं नव्हतें. आतां खेडोपाडींही सरकत्या, काळसर कांचा आल्या आहेत. अशा कांचेंत दारचा आंबा व वरचें आकाश जसेंच्या तसें उमटतें. पाखरास कांच दिसत नाहीं, झाड दिसतें, आणि तें भर वेगानें तिकडे जातें. (दयाळ पक्षी आरशांतल्या आपल्याच रूपास शत्रु समजून चोंची मारितो, ती गोष्ट निराळी.)

अमेरिकेंतील शिकागो शहरीं सरोवराच्या कांठीं मॅकॉर्मिक प्लेस नांवाचें सभागृह आहे. त्याच्या एका इमारतीच्या भिंती बहुतेक कांचेच्याच आहेत. 2023 च्या आक्टोबरांत दक्षिणेकडे निघालेलीं सुमारें 1,000 पाखरें एका रात्रींत व पुढील सकाळीं तिच्यावर आपटून मेलीं. रात्रीं प्रवास करणाऱ्या पाखरांस दिवे भुलवितात, आणि उजाडल्यावर कांच फसविते. हें नवें नव्हतें. तेथील फील्ड म्यूझियमचे लोक 40 वर्षांहून अधिक काळ त्या भिंतींखालचीं मेलेलीं पाखरें वेंचीत होते. 2024 च्या उन्हाळ्यांत कांचांवर बारीक ठिपक्यांचा पापुद्रा चिकटविला, आणि त्या शरदऋतूंत मरणारांची संख्या सुमारें 95 टक्क्यांनीं उतरली.

आतां न्याय कसा करावा? बैलगाडीच्या चाकाखालीं मुंग्या मरतात म्हणून गाडीवानास कोणी घातकी म्हणत नाहीं, व म्हणूंही नये. परंतु वाटेलगत विहीर खणून कठडा बांधिला नाहीं, आणि शेजाऱ्याचा बैल तींत पडला, तर "मीं त्यास ढकललें नाहीं" एवढें म्हणून धनी सुटत नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांतही उघड्या खड्ड्याच्या धन्यानें बैलाची भरपाई करावी असें आहे. हेतु दोघांचाही निर्दोष होता. परंतु मुंग्या चुकवून गाडी हांकणें कोणास साधत नाहीं; कठडा बांधणें साधतें. पहिलें पाखरूं मेलें तें अजाणतां. तिसरें, चौथें मेलें तें आपल्या जाणतेपणीं मेलें असें आम्ही समजतों. पाखराचा धनी भरपाई मागावयास दारीं येत नाहीं, म्हणून हिशेब हलका होतो असें आम्हांस वाटत नाहीं.

गरिबास हें कोठून परवडणार, असें कोणी म्हणेल. परंतु कांचेच्या बाहेरच्या अंगास दोन दोन इंचांवर रंगाचे ठिपके द्यावयास, किंवा चार चार बोटांवर सुतळ्या लोंबत सोडावयास काय मोल पडतें? डांसांची जाळी बाहेरून लावली तर दोन्ही कामें होतात. ससाण्याचें एकच चित्र चिकटविण्याची चाल आहे, ती कुचकामाची. पाखरूं चित्र चुकवून शेजारीं आपटतें. दाणा ठेवावयाचा तर खिडकीपासून 3 फुटांच्या आंत ठेवावा, म्हणजे उडतांना त्यास वेग येत नाहीं.

इतकें करूनही पावसाळ्याच्या तोंडीं एखादा नवरंग आपटून निपचित पडला, तर त्याच्या चोंचींत पाणी घालूं नये. भोंकें पाडलेल्या खोक्यांत, अंधारांत व मुलांमांजरांपासून दूर त्यास ठेवावें, आणि तासाभरानें अंगणांत नेऊन झांकण उघडावें.