फळाची आशा

मराठीत ‘उमेदवार’ दोन प्रकारचे. एक निवडणुकीला उभा राहणारा. दुसरा काम शिकण्यासाठी बिनपगारी राबणारा. हल्ली त्याला ‘इंटर्न’ म्हणतात. दिल्लीला जायला दोघांनाही तिकीट लागतं. पहिल्याला पक्ष देतो. 2023 च्या उन्हाळ्यात माझं वडिलांनी काढून दिलं.

कचेरीत पगार नव्हता, चहा होता. साहेब म्हणाले, “अनुभव हाच मोबदला!” म्हणजे निष्काम कर्मयोगच की! मी सुखावलो.

ऊन उतरलं की मी पायी राजधानी पाहायला निघे. ब्रिटिशांच्या ‘किंग्जवे’चा स्वातंत्र्यानंतर ‘राजपथ’ झाला आणि 2022 मध्ये ‘कर्तव्य पथ’. आता गंमत पाहा, या कर्तव्याला फळं लागतात! दुतर्फा जांभळाची झाडं आहेत. जून-जुलैत फळ पिकतं, पण झाडांचा ठेका आधीच गेलेला असतो. एकजण शेंड्यावर चढून फांदी हलवतो, खाली चौघे चादर ताणून धरतात. जांभळं ठेकेदाराची, मजुरी त्यांची.

“बाबा रे, नुसत्या अनुभवासाठी चढ,” असं त्यांच्यातल्या कोणाला सांगून पाहा! त्याला संध्याकाळी घरी पीठ न्यायचं असतं. माझ्या खोलीचं भाडं मात्र दर महिन्याला घरून येत होतं. मग माझ्या कर्मयोगाचं पुण्य माझं की वडिलांचं? आणि ज्या हुशार पोराला घरून काहीच येणार नाही, त्यानं कर्तव्य कुठल्या रस्त्यानं करायचं?

फळाची आशा सोडणं थोर खरंच. पण एकानं निष्काम व्हायचं, तर घरात दुसऱ्या कोणाला तरी सकाम राहावं लागतं.