परत येणार का?



आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी एम.एस. करण्यासाठी अमेरिकेला निघाली आहे. व्हिसाची मुलाखत जवळ आली आहे. तिचे वडील परवा मिस्सानंतर भेटले. म्हणाले, "फादर, चर्चच्या लेटरहेडवर एक पत्र द्या. शिक्षण संपलं की मुलगी लोणावळ्याला नक्की परत येईल, एवढं एक वाक्य त्यात घाला."

मी विचारले, "येणार आहे का?"

ते हसले. "ते पुढचं पुढे. सगळेच असं सांगतात. समोरच्या साहेबालाही ते माहीत असतं."

त्यांच्या संमतीनेच हे लिहितो आहे, कारण हा प्रश्न एका घराचा नाही.

अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यानुसार अर्जदार तिथे कायमचा राहायला येतो आहे असेच आधी गृहीत धरले जाते. तसे नाही, हे विद्यार्थ्याने पटवून द्यायचे असते. पण बावीस वर्षांच्या मुलीला पाच वर्षांनंतरचे काय ठाऊक? मग तिचे उत्तर खोटे म्हणायचे का?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात यावर विचार केला. वचन देताना ते पाळण्याचा हेतू मनात असेल तर तो माणूस खोटे बोलत नाही, असे ते सांगतात. पुढे परिस्थितीच बदलली तर वचन न पाळल्याबद्दल तो क्षम्यही ठरू शकतो.

आपल्या मावळात, तळेगावला, ज्यांचे घर होते त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण पाहा. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. १९१७ मध्ये ते खरोखरच बडोद्याला रुजू झाले. पण तिथे त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळेना, कचेरीत अपमान होई. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. त्यांचे वचन खोटे होते असे कोण म्हणेल?

मात्र, परत यायचे नाही हे आधीच ठरवून "येईन" म्हणणे वेगळे. तोंडाने "परत येईन" म्हणायचे आणि मनात "सुट्टीला" असे जोडायचे, ही पळवाट जुनीच आहे. पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ मध्येच ती अमान्य केली. तसेच पैशांचे. मेव्हण्याकडून महिनाभरासाठी आणलेली रक्कम खात्यात आपली म्हणून दाखवली, तर तिथे हेतू बदलण्याचा प्रश्नच नाही. ती रक्कम आपली नाही, हे त्याच दिवशी आपल्याला माहीत असते.

"साहेबालाही माहीत असतं," हे खरे असेल तर त्याची किंमत कोण मोजतो? उद्या कामशेतचा एखादा मुलगा मनापासून "परत येईन" म्हणेल आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

मी त्या मुलीला भेटलो. ती म्हणाली, "फादर, आज तरी यायचंय. नंतरचं सांगता येत नाही." मी म्हटले, "मग मुलाखतीत पहिले वाक्य निर्धास्तपणे सांग. दुसरे कुणी विचारले तर तेही लपवू नकोस."

पत्र मी दिले. लहानपणापासून तिला ओळखतो, तिचे आईवडील इथेच राहतात, दर रविवारी ती मुलांना धर्मशिक्षण देते, असे लिहिले. "नक्की परत येईल" हे वाक्य मात्र घातले नाही. ते तिचे वचन आहे. ते द्यायचे की नाही, हे तिनेच ठरवायचे.

आपला,
धर्मगुरू