आधी डिपस्टिक काढ

काय म्हणालास? "स्वस्तातली गाडी, सर, दुसरं काय होणार?" हे वाक्य माझ्या वर्कशॉपमध्ये पुन्हा काढायचं नाही. दोन वर्षं याच बाकावर बसून मोटर मेकॅनिकचा ट्रेड केलास, मग बँकेत चिकटलास, ठीक आहे. पण खंबाटकी घाटातून गाडी दोरी लावून आणतोस आणि वर तिलाच नावं ठेवतोस?

तुझ्या अल्टोत ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन आहे. मारुती ८०० मध्ये त्याच घराण्यातलं होतं, ओम्नीतही. ८०० आली १९८३ साली आणि बंद झाली २०१४ मध्ये. एवढी वर्षं लोकांनी काय ती ढकलत नेली? पलीकडच्या शाळेच्या दारात ओम्नी उभी असते, बघितलीस कधी? आत पोरं, टपावर दप्तरं. तिचा ड्रायव्हर रोज सकाळी इंजिन थंड असताना बोनेट उघडतो, डिपस्टिक पुसून ऑइल बघतो, कूलंटची टाकी बघतो. दोन मिनिटांचं काम. त्याच्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट नाही, तुझ्याकडे आहे!

कूलंट कमी व्हायला लागलं तेव्हा तू काय केलंस? बोअरचं पाणी ओतलंस. सहा महिने ओतत राहिलास. अरे, गाडी कूलंट पीत नाही. कमी होतंय म्हणजे कुठून तरी जातंय, हे मी तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. आंघोळीच्या बंबात खार धरतो तसा आता रेडिएटरच्या नळ्यांत धरलाय. कूलंट गंज रोखतं, उकळायचा बिंदू वर नेतं. नुसत्या पाण्याला ते कुठून जमणार? लाल दिवा लागला तेव्हा तरी थांबायचंस. "घाट संपला की बघू" म्हणे! ॲल्युमिनियमचं हेड तोवर थांबतं का? ते वाकलं, गॅस्केट गेलं, पाणी ऑइलमध्ये उतरलं. आता ते ऑइल बघ, टपरीवरचा चहा दिसतोय.

ऑइल शेवटचं कधी बदललं? "गाडी फिरतच नाही हो, वर्षाला चार हजार किलोमीटर." मॅन्युअलमध्ये १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलंय. त्यातलं "जे आधी होईल ते" वाचलंस का? घर ते बँक दोन किलोमीटर. इंजिन धड तापायच्या आत तू ते बंद करतोस. आत धरलेली वाफ आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही, तिथेच राहतं. कमी फिरणाऱ्या गाडीचं ऑइल चांगलं राहतं, हा भ्रम डोक्यातून काढ. नुसता काळा रंग बघून ऑइलला वाईट म्हणू नकोस, हेही ऐकून ठेव. घाण स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

आणि उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतोस ना? माहितीये मला. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनचं इंजिन पेट्रोल तोडतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते पीत बसतं. पेट्रोलही गेलं आणि ब्रेकही तापले.

"पहिल्या मालकानेच वाट लावली होती." मग घेताना सर्व्हिसचं रेकॉर्ड मागितलंस? नाही. म्युझिक सिस्टीम वाजवून बघितलीस. नंतर सीट कव्हर घातलंस, एलईडीची पट्टी लावलीस, मागच्या काचेवर "आईचा आशीर्वाद" लिहून घेतलंस. आई कूलंट भरायला येत नाही, बाळा. दसऱ्याला झेंडूचा हार मात्र ग्रिलवर, म्हणजे हवाही अडवलीस.

उभा काय राहिलास? हेड फेसिंगला पाठवायचंय, त्याआधी रेडिएटर उतरव. आणि ग्लव्ह बॉक्समधलं मॅन्युअल घेऊन ये. प्लास्टिक अजून फाडलेलं नसेल, तर माझ्यासमोर फाड.