खांदा कोणी द्यावा?

खेड्यांतील मंडळ्यांत मरण आले म्हणजे पाळकापुढे व उपदेशकापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. मृत मनुष्य प्रभूचा. परंतु त्याचे भाऊबंद अद्याप जुन्या धर्मात आहेत. ते रडत दारी येतात व पेटीस खांदा देऊ इच्छितात. त्यांस देऊ द्यावा की नाही?

या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे, ती सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. आम्ही सेवेत नवे असता एका गावी एक वृद्ध विधवा प्रभूमध्ये निजली. तिचा थोरला भाऊ पहाटे निघून दुपारी येऊन पोहोचला. त्याने खांदा मागितला. खांद्यामागून पिंड व काकस्पर्शही येतील, या भीतीने आम्ही नको म्हटले. तो काही बोलला नाही. दूर बाभळीखाली बसून राहिला. आमचा विधी यथासांग झाला. परंतु त्या कुटुंबाचे दार आम्हांस पुन्हा उघडले नाही. आम्ही सत्य राखले असे आम्हांस वाटले. वास्तविक आम्ही केवळ एका भावास त्याच्या बहिणीपासून तोडले होते.

उत्पत्तीच्या 50 व्या अध्यायात याकोबाच्या अंत्यविधीची हकीगत आहे. मिसरी लोकांनी त्याच्यासाठी 70 दिवस शोक केला. त्यांचे वडील लोक योसेफाबरोबर कनानापर्यंत गेले आणि अटादाच्या खळ्यापाशी सर्वांनी मिळून सात दिवस विलाप केला. योसेफाने त्यांस परत लाविले नाही. तथापि याकोबास मूठमाती मिळाली ती मकपेला येथील गुहेत, पुत्रांच्या हातून, व त्याने मरणापूर्वी सांगून ठेवल्याप्रमाणे. शोकात परक्यांस वाटा होता. विधी मात्र मृताच्या विश्वासाप्रमाणेच झाला.

हाच भेद आपण ध्यानात धरावा. खांदा देणे, खड्डा खणणे, मूठभर माती लोटणे ही प्रीतीची कामे आहेत. ती कोणाही आप्ताने करावी. पिंड ठेवणे, कावळ्याची वाट पाहणे ही दुसऱ्या श्रद्धेची कामे आहेत. ती आपण करू नयेत. कोणी म्हणेल, अशाने दुर्बळ बंधू गोंधळतील. गोंधळ होतो तो खांद्यामुळे नव्हे, तर आधी काही न ठरविल्यामुळे.

म्हणून प्रत्येक विश्वासणाऱ्याने आपली इच्छा धडधाकट असतानाच घरच्यांस व पाळकास सांगून ठेवावी: कोणते गीत गावे, कोणता शास्त्रभाग वाचावा, प्रार्थना कोणी करावी. 1 करिंथ 15 हा अध्याय वाचावयाचा असल्यास तो सावकाश वाचावा. कारण ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या कानी पुनरुत्थानाची वार्ता प्रथमच पडत असते. प्रेत उचलण्यापूर्वी उपदेशकाने आप्तांस बाजूस घेऊन आपण काय करणार व काय करणार नाही, हे नम्रपणे सांगावे. त्यांस आपल्या प्रार्थनेत शब्द उच्चारण्याचा आग्रह करू नये. दहाव्याच्या जेवणासाठी सावकाराचे ऋण काढू नये. मृतास त्याचा उपयोग नाही, आणि लेकरांच्या गळ्यास मात्र फास बसतो.

लाजाराच्या कबरेपाशी आपला प्रभु रडला, तेव्हा सभोवती रडणाऱ्यांत त्याच्यावर विश्वास न ठेवणारेही होते. त्याने त्यांस तेथून घालवून दिले नाही. आपणही घालवू नये. पुढच्या वेळी बाभळीखाली कोणी एकटा बसलेला दिसला, तर बंधुजनहो, त्यास हात धरून पेटीपाशी आणावे, असे आमचे नम्र सांगणे आहे.